बेअरिंगसाठी टब

रविवारी सकाळी सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या एका बोळात एका दुकानाचं शटर अर्धंच वर असतं. आत एक गृहस्थ भिंगाच्या दिव्याखाली सोल्डरिंग आयर्न घेऊन बसलेले असतात आणि बाहेर पायरीवर दोन-तीन तरुण पोरं, प्रत्येकाच्या पिशवीत एखादा सर्किट बोर्ड. फ्रिजचा, एसीचा, वॉशिंग मशीनचा. एरवी आठवडाभर ही पोरं वेगवेगळ्या कंपन्यांचे टी-शर्ट घालून होटगी रोड ते विजापूर रोड मोटारसायकलवर हिंडत असतात. मी जुन्या स्टॅबिलायझरचं काम घेऊन गेले होते. पायरीवरच्या एकाला मी ओळखलं. आमच्या फ्रिजचा बोर्ड वॉरंटीत बदलून देणारा हाच. साध्या चौकड्याच्या शर्टात होता, मला बघून जरा ओशाळला.

“काकू, हे वॉरंटी संपलेले,” त्यानं न विचारताच सांगितलं.

मग हळूहळू गोष्ट कळली. वॉरंटी संपलेल्या घरात नव्या बोर्डाची पाच-सहा हजारांची किंमत सांगितली की गिऱ्हाईक हात जोडतं. कंपनीच्या ॲपमध्ये ‘ग्राहकाने नकार दिला’ अशी नोंद होऊन कॉल बंद होतो. आणि बोर्ड रविवारी इथे येतो, सात-आठशे रुपयांत उभा राहतो, सोमवारी परत बसतो. वॉरंटीतल्या घरातला तसाच, तेवढाच बिघडलेला बोर्ड मात्र इथे कधीच येत नाही. त्याच्यावर टॅग लागतो, फोटो निघतो, तो खोक्यात भरून परत जातो. म्हणजे बोर्ड दुरुस्त होऊ शकतो की नाही, हे बिलावरचा तारखेचा शिक्का ठरवतो.

आमचा बोर्ड गेला तो मे महिन्यातल्या एका संध्याकाळी. वळवाचं आभाळ आलं, विजा झाल्या, दिवे दोनदा ढणढणून गेले आणि फ्रिज मुका झाला. बोर्डवाल्या काकांनी मला तसाच एक बोर्ड दाखवला. जिथून वीज आत येते तिथेच एक फ्यूज आणि त्याच्याजवळ रुपयाएवढी निळी चकती. तिला व्हेरिस्टर म्हणतात. २३० व्होल्टला ही चकती काही करत नाही, जागेवर नुसती असते. विजेचा लोंढा आला की ती एकदम वाट मोकळी करते, लोंढा स्वतःवर घेते. फार मोठा असला तर जळते, आणि जाता जाता फ्यूज उडवून पुढचा सगळा बोर्ड वाचवते. किंमत चहाच्या कपाएवढी. डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरनं ती मुद्दाम मरण्यासाठी तिथे ठेवलेली असते. ती आपलं काम चोख करते, मागचा प्रोसेसर, रिले, ट्रान्सफॉर्मर सगळं शाबूत राहतं, आणि आपण तो वाचलेला बोर्ड भंगारात घालतो. मला तर हे त्या बिचाऱ्या इंजिनिअरचा अपमान केल्यासारखं वाटतं.

सगळे बोर्ड इतके सोपे नसतात, हेही काकांनीच सांगितलं. सोलापूरचा उन्हाळा ४३-४४ अंशांवर जातो. पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेल्या एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये, पत्र्याच्या डब्यात काय होत असेल याची कल्पना करा. बोर्डावरच्या डबीसारख्या कपॅसिटरांत ओलसर द्रव असतो, तो उष्णतेनं सुकत जातो. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळजवळ निम्मं, असा त्यांचा ढोबळ हिशोब असतो. डबीचं टोपण फुगलं की समजायचं, संपली. हे बदलायला सोपं. पण कधी पाल आत शिरून दोन टोकांना चिकटते आणि कोळसा होते, तेव्हा अर्धा बोर्ड घेऊन जाते. वॉशिंग मशीनच्या बोर्डावर कंपनी रबरासारखा रेझिन ओतते. त्यानं ओलावा आणि झुरळं बाहेर राहतात, हे खरं, पण दुरुस्ती करणाराही बाहेरच राहतो. काका गरम हवेच्या गननं तो मऊ करून दातकोरण्यानं खरवडत बसतात. त्यांच्या टेबलाखाली त्या रेझिनचा भुगा पडलेला असतो, पायाला चिकटतो.

मी त्या मुलाला विचारलं, मग वॉरंटीत हेच का करत नाहीस? त्याचं उत्तर मला पटावं इतकं साधं होतं. “बॅगेत सोल्डरिंग ठेवायचंच नाही काकू. ऑडिटला सापडलं तर प्रश्न येतंय.” दिवसाला आठ-दहा कॉल, प्रत्येक कॉलचे ठरलेले पैसे, किती वेळात कॉल बंद झाला याचं घड्याळ ॲपमध्ये चालू. त्याच मशीनची महिन्याभरात पुन्हा तक्रार आली तर दुसऱ्या फेरीचे पैसे नाहीत. इन्व्हर्टर एसीच्या बोर्डावर सवातीनशे व्होल्टची डीसी असते, वीज बंद केल्यावरही थोडा वेळ कपॅसिटरात साठलेली. गिऱ्हाईकाच्या ओट्यावर, शेजारी लहान मूल खेळत असताना ते उघडून बसणं धोक्याचंच. त्यात कंपनीला देशभर हजारो पोरांकडून एकसारखं काम हवं असतं. ज्याचा हात बसलाय असा कारागीर प्रत्येक तालुक्यात मिळत नाही, पण चार स्क्रू काढून बोर्ड बदलणारा मिळतो. त्या मुलाला दोष देण्यात काही अर्थ नाही. तो तर रविवारी सुट्टी मोडून उरलेली अर्धी दुरुस्ती करायला बसलेला असतो.

अर्धी म्हणते, कारण अख्खा भाग बदलणं ही काही आजची टूम नाही आणि मुळात ती वाईटही नाही. एसटीत हे वर्षानुवर्षं चालतं. डेपोत गिअरबॉक्स उघडून बसले तर पंढरपूर-अक्कलकोटच्या फेऱ्या बुडतील. म्हणून बिघडलेला उतरवायचा, तयार ठेवलेला चढवायचा, गाडी मार्गाला लावायची. पण उतरवलेला गिअरबॉक्स विभागीय कार्यशाळेत जातो. तिथे टेबलावर उघडला जातो, झिजलेलं तेवढं बदलतं, आणि तो पुन्हा कुठल्यातरी बसखाली जातो. टायरचा माथा झिजला तर महामंडळाच्या स्वतःच्या प्लँटमध्ये त्यावर नवं रबर चढतं. प्रवाशाचा वेळही वाचतो आणि लोखंडही. घरगुती यंत्रांच्या वॉरंटीनं यातला पहिला भाग उचलला, झटपट बदलायचा, आणि ज्या टेबलावर उतरवलेली वस्तू उघडायची ते टेबलच ठेवलं नाही. मोबाईलच्या काही कंपन्या मदरबोर्ड दुरुस्त करणारी केंद्रं चालवतात, म्हणजे करायचं म्हटलं तर जमतं. फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या वाट्याला ते फारसं आलेलं दिसत नाही.

बोर्डाचं एक वेळ सोडून देऊ, तो तळहाताएवढा असतो. आमच्या वॉशिंग मशीनचं जे झालं ते मला अजून पचलेलं नाही.

समोरून उघडणारं मशीन. वॉरंटीच्या दुसऱ्या वर्षात पिळताना आवाज करायला लागलं. आधी नुसती घरघर, मग विमान उतरावं तसा. माझे वडील, आप्पा, लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये फिटर होते. ते माझ्याकडे राहायला आलेले. मशीन चालू असताना त्यांनी लाकडी रवीचं एक टोक मशीनच्या पाठीला टेकवलं, दुसरं कानाला, आणि म्हणाले, “बेअरिंग. सील गळालंय, पाणी आत गेलंय.” गिरणीत ते लांब स्क्रूड्रायव्हरनं असंच ऐकायचे. कंपनीचा मुलगा आला (हा वेगळा), त्यानं ड्रम हातानं फिरवला आणि तोही म्हणाला, बेअरिंग. दोघांचं निदान एक. मग त्यानं ॲपमध्ये जे मागवलं ते होतं ‘टब असेंब्ली’.

चार दिवसांनी पुण्याहून खोकं आलं. पाण्याच्या टाकीएवढं. आत थर्माकोलमध्ये अख्खा प्लॅस्टिकचा टब, त्यात स्टीलचा ड्रम, मागे ॲल्युमिनियमचा तीन पायांचा स्पायडर, शाफ्ट, बेअरिंग, सील, सगळं. मी विचारलं, नुसतं बेअरिंग का नाही? तर टब उघडतच नाही. पूर्वी त्याच्या दोन अर्धुकांना स्क्रू किंवा क्लिपा असायच्या. आता कित्येक मॉडेलांत दोन्ही अर्धुकं कारखान्यातच वितळवून एकजीव केलेली असतात. गळतीची भीती कमी, जोडणीचा वेळ कमी, स्क्रूंचा खर्च कमी. कारखान्याच्या बाजूनं बघितलं तर उत्तमच. आमच्या बाजूनं बघितलं तर अडीच-तीनशे रुपयांच्या बेअरिंगसाठी आरशासारखा लख्ख स्टीलचा ड्रम जिना उतरून गेला.

आप्पा खुर्चीवर बसून हे सगळं बघत होते. ते रागावले नाहीत, त्यांना नवल वाटत होतं. त्यांचं आयुष्य ज्या कामात गेलं त्यात ताण्याचा एक धागा तुटला की विणकर माग थांबवतो, गाठ मारतो, माग पुन्हा सुरू होतो. एका धाग्यासाठी अख्खं बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळच, उतरवून फेकायची कल्पना त्यांना सांगूनही समजली नसती. “ह्याचं काय करणार?” त्यांनी त्या मुलाला विचारलं. “स्क्रॅप,” तो म्हणाला. “परत पाठवायला भाडं परवडत नाही म्हणून फोडून फोटो टाकायचा.” आप्पांनी दोनदा विचारून घेतलं, फोडून म्हणजे हातोड्यानं का? हातोड्यानंच.

आमच्या ह्यांना मात्र बरं वाटलं. “दुसऱ्या वर्षी नवा कोरा टब मिळाला, तुझं काय दुखतंय?” आणि हे त्यांचं एकट्याचं मत नाही. वॉरंटीत दुरुस्त केलेला भाग लावला तर आपणच भांडतो, ‘जुनं माथी मारलं’ म्हणून. मीही एकदा फोनवर तावातावानं विचारलंय, बोर्ड नवाच आहे ना? कंपन्यांना गिऱ्हाईक ओळखता येत नाही असं नाही. फुकट मिळतंय तोवर आपण त्याची किंमत विचारत नाही, आणि ती किंमत आधीच मशीनच्या किमतीत घालून आपल्याकडूनच घेतलेली असते, याचाही विचार करत नाही.

पण माझा राग पैशापेक्षा त्या जॉबशीटवर जास्त आहे. ती मी जपून ठेवली आहे. तक्रार: आवाज. केलेलं काम: टब असेंब्ली बदलली. बस. बेअरिंग गेलं, सील गळालं, यातलं अक्षर नाही, कारण तसा रकानाच नाही. आप्पा सांगायचे, गिरणीत एखाद्या मागाचा तोच भाग पुन्हा पुन्हा मोडायला लागला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आणि फिटर मिळून शोधायचे, हा मोडतो का? भाग कच्चा आहे की दुसरीकडे कुठे ओढ बसतेय? मोडका भाग हातात असायचा, त्याच्यावर झीज कुठल्या बाजूनं झाली ते दिसायचं. इथे मोडका भाग हातोड्यानं फुटला आणि कारण कागदावर आलंच नाही. कंपनीत दूर कुठेतरी बसलेल्या माणसाला एवढंच दिसणार, की सोलापुरात एक टब गेला. सीलमध्ये खोट आहे, की आमच्या बोअरच्या जड पाण्यानं ते खाल्लं, हे त्याला कुठून कळणार? आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, अधलेमधले दिवस बोअर आणि टँकर. या पाण्यानं गीझरची कॉइल पांढरी होते, नळाच्या चकत्या खराब होतात. सीलला ते सोडेल अशी माझी खात्री नाही. नव्या टबला सील तेच, आणि पाणीही तेच.

कायद्याकडे बघावं तर हालचाल आहे. आपल्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्यातली चार क्षेत्रं. २०२४ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकासाठी आणखी एक समिती आली. असा निर्देशांक फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून आहे: वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग मिळतात का, किती किमतीला मिळतात, यावर दहापैकी गुण द्यायचे आणि ते दुकानात किमतीशेजारी लावायचे. पहिल्या पाच वस्तूंत समोरून उघडणारं वॉशिंग मशीन होतं, हे वाचून मला बरं वाटलं. कुणाला तरी त्या टबाचा त्रास आधीच झालेला असणार.

त्याहून नेमकं कलम युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशात आहे. तिथे विकलेल्या वस्तूला किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी असते. त्या काळात बिघाड झाला आणि ग्राहकानं बदलून घेण्याऐवजी दुरुस्ती निवडली, तर त्याची हमी एक वर्षानं वाढते. सदस्य देशांनी हे लागू करण्याची तारीख ३१ जुलै २०२६. म्हणजे आमच्या ह्यांच्यासारख्या माणसालासुद्धा दुरुस्त केलेली वस्तू घ्यायला कारण मिळतं. आपल्याकडची चर्चा मला अजून वॉरंटी संपल्यानंतरच्या दुरुस्तीभोवती जास्त फिरताना दिसते. ती हवीच, पण उधळपट्टी होते ती वॉरंटीच्या आत, जिथे बिल येत नाही म्हणून कुणी ओरडत नाही.

आणि ई-कचऱ्याचे नियम? २०२२ चे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. कंपनीनं ठरलेल्या वजनाचा कचरा रीतसर रिसायकल करून घ्यायचा आणि तशी प्रमाणपत्रं दाखवायची. सोनं, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम परत मिळतं. चांगलंच आहे. पण चालू शकणारा बोर्ड वितळवून त्यातलं तांबं काढलं तर तांबं मिळालं, बोर्ड गेला. ज्या कष्टानं आणि विजेनं तो बनला ते कुठल्या भट्टीतून परत येणार?

हे सगळं मी माझ्या धाकट्या भावजींना ऐकवलं. ते एका डीलरकडे हिशोब बघतात. त्यांनी शांतपणे कागद घेतला. टब कापायचा तर दोन माणसं, अर्धा दिवस. जागा हवी, बेअरिंग दाबून बसवायला प्रेस हवा, पुन्हा गळती तपासायची. गळला तर खालच्या मजल्यावरच्यांचं छत भिजणार, ते भांडण वेगळं. शिवाय सुटं बेअरिंग आणि सील प्रत्येक मॉडेलचं साठवायचं. “वहिनी, कारखान्यात टब जेवढ्याला पडतो तेवढ्यात हे बसत नाही.” मी म्हटलं, मग मला विकताना तो टब आठ-नऊ हजारांना का सांगता? ते हसले. म्हणाले, ती पार्टची किंमत, पडते ती वेगळी. त्यांचा हिशोब खोटा नाही. फक्त तो टब वितळवून बंद केलेला आहे हे गृहीत धरून मांडलेला आहे, आणि ते गृहीत धरायला आपण कुणीच हो म्हटलेलं नव्हतं.

वॉरंटी संपली आणि पुढच्याच उन्हाळ्यात मशीन पुन्हा घरघरू लागलं. आप्पांनी रवी मागवलीसुद्धा नाही, बाहेरच्या खोलीतूनच म्हणाले, तेच.

या वेळी मी कंपनीला फोन केला नाही. अशोक चौकाच्या बाजूला एक जण आहे, पूर्वी पॉवरलूमच्या मोटारी रिवाइंड करायचा. कारखाने बंद पडत गेले तसा वॉशिंग मशीनकडे वळला. त्यानं टब टेम्पोतून नेला. मला बघायचं होतं म्हणून मीही गेले, आणि आप्पा तर आधीच निघून बसले होते. टब आडवा ठेवून त्यानं सांध्यावर मार्करनं खुणा केल्या, दर तीन-चार बोटांवर एक भोक पाडलं, आणि मग हॅकसॉचं पान धरून सांध्यातून गोल कापत गेला. कापण्याआधी भोकं पाडायची, म्हणजे पुन्हा जोडताना दोन्ही अर्धुकं नेमकी जुळतात. आप्पांनी मान हलवली, पसंतीची. आतलं बेअरिंग गंजून लाल झालेलं, सीलची कड एका बाजूनं कातरल्यासारखी. स्पायडरवर पांढरा थर होता, पण पाय शाबूत. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेले होतेच, ६२०५ आणि ६२०६. मोटारीत, पंपात जातात तीच. पोरगा सायकलवर जाऊन घेऊन आला.

सील मात्र त्यानं कंपनीच्या मापाचं, पण दोन ओठांचं लावलं आणि आत वॉटरप्रूफ ग्रीस दाबून भरलं. “तुमच्या पाण्याला हेच टिकतंय,” म्हणाला. आप्पांनी ते हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिलं, मग विचारलं, कुठल्या दुकानातून आणतोस? त्या दोघांचं दहा मिनिटं सीलवरच बोलणं चाललं, मी तिथे नव्हतेच जणू. मग सिलिकॉनची धार, भोकांतून स्टीलचे बोल्ट, खाली नट. रात्रभर तसंच ठेवून सकाळी पाणी भरून तपासलं. बेअरिंग, सील, मजुरी, टेम्पो, सगळं धरून अडीच हजार घेतले आणि सहा महिन्यांची तोंडी गॅरंटी दिली. मी म्हटलं, लिहून दे. त्यानं बिलाच्या मागे लिहून दिलं: बेअरिंग खराब, सील गळत होतं, पाणी जड.

पैसे देताना मी विचारलं, पुन्हा गेलं तर पुन्हा कापणार का?

“आता कशाला कापायचं? आता बोल्ट आहेत की.”